पाचशे पौंड आणि धुण्याचं गाठोडं

स्त्रीमुक्तीच्या शिबिरात गेलात की व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेचं एक म्हणणं कानावर येणारच. बाईनं लिहावं असं वाटत असेल तर तिच्या हातात पैसा पाहिजे आणि आतून कडी घालता येईल अशी खोली पाहिजे. टाळ्या पडतात. आपल्या वस्तीतल्या पोरीही टाळ्या वाजवतात, आणि रात्री दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत जाऊन निजतात. म्हणणं चूक नाही. पण आपण हिशेब मागणारी माणसं आहोत. त्या खोलीचं भाडं कुठून आलं, ती झाडत कोण होतं, आणि कडी घालून बाईनं आत लिहिलं काय, हे विचारल्याशिवाय टाळी कशाला?

१९२८ च्या ऑक्टोबरात केंब्रिजमधल्या मुलींच्या दोन कॉलेजांत वुल्फबाईंनी भाषणं केली. त्याचं पुस्तक १९२९ साली आलं, 'अ रूम ऑफ वन्स ओन'. त्यात जी बाई बोलते तिला दर वर्षाला ५०० पौंड मिळतात, तहहयात. तोवर ती पाकिटांवर पत्ते लिहून, कागदी फुलं करून, म्हाताऱ्यांना वाचून दाखवून पोट भरत होती. मग एकदम ५०० पौंड कुठून? तिची आत्या ठेवून मेली. आत्या कुठं मेली? मुंबईत. हवा खायला घोड्यावरून निघाली होती, घोड्यावरून पडली.

मुंबईत! पुस्तकात हे एका वाक्यात येतं आणि जातं. इंग्रज वाचकाला त्यात काही खटकत नाही. आपल्याला खटकायला पाहिजे. त्याच मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्याला विणखात्यात घेत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो आणि अस्पृश्याच्या थुंकीनं तो बाटतो. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना याच मुद्द्यावर धरलं होतं. साल तेच. इकडं आपली माणसं विणखात्याच्या दाराबाहेर, आणि तिकडं केंब्रिजात मुंबईच्या पैशावर बाईच्या स्वातंत्र्याची चर्चा.

आत्या काल्पनिक आहे, हे मला ठाऊक आहे. बाईंच्या खऱ्या आत्यानं, कॅरोलाइन इमिलिया स्टीफन हिनं, १९०९ साली मरताना त्यांना २५०० पौंड ठेवले. तिचा आणि मुंबईच्या घोड्याचा काही संबंध नव्हता. मग गोष्ट रचताना मुंबईच का सुचली? बाईंची आई कलकत्त्यात जन्मलेली. नवरा लेनर्ड १९०४ ते १९११ सिलोनात इंग्रज सरकारची नोकरी करून आलेला. त्या वर्गाला आयता पैसा म्हटलं की वसाहत आठवणार, यात नवल नाही. मला तर वाटतं बाई नकळत खरं बोलून गेल्या.

आता झाडलोटीचं. नेली बॉक्सल आणि लॉटी होप या दोन बाया १९१६ साली जोडीनं वुल्फांच्या घरी कामाला लागल्या. नेली स्वयंपाकीण. १९३४ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, तिनं त्या घरात रांधलं. बाईंच्या डायरीत नेलीशी झालेल्या भांडणांची पानंच्या पानं आहेत. ती काम सोडते म्हणते, परत राहते, बाई तिला काढायचं ठरवतात, धीर होत नाही. शेवटी १९३४ साली काढलीच. नेलीच्या खोलीला कडी होती का, हा प्रश्न खोलीच्या पुस्तकात नाही.

पण एवढ्यावर पुस्तक मिटवायचं नाही. आपल्यात एक खोड आहे, लेखक कुठल्या घरात जन्मला ते पाहिलं की निकाल देऊन मोकळं व्हायचं. त्या १९२८ सालीच लंडनमध्ये काय चाललं होतं तेही पाहू. रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची 'द वेल ऑफ लोनलीनेस' ही कादंबरी जुलैत निघाली. बाईचं बाईवर प्रेम, एवढाच गुन्हा. उघडंवाघडं वर्णन तर जवळपास नाहीच. ऑगस्टात 'संडे एक्सप्रेस'च्या संपादकानं आरडाओरडा केला, नोव्हेंबरात बो स्ट्रीटच्या कोर्टात खटला उभा राहिला. लेखिकेच्या बाजूनं साक्ष द्यायला लेखकमंडळी आली, त्यात वुल्फबाईही होत्या. मॅजिस्ट्रेट चार्ट्रेस बायरन यांनी साक्षी ऐकूनच घेतल्या नाहीत. पुस्तक अश्लील, प्रती नष्ट करा.

त्याच ऑक्टोबरात वुल्फबाईंचं 'ऑर्लँडो' बाजारात आलं होतं. एक उमराव तीनशे वर्षं जगतो आणि मधेच कॉन्स्टँटिनोपलला झोपेतून उठतो तो बाई होऊन. देह बदलला, माणूस तोच. हे पुस्तक त्यांनी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिच्यावरून लिहिलं आणि तिलाच अर्पण केलं. दोघींचं प्रेम होतं. या पुस्तकावर खटला नाही झाला. हॉलबाईंनी सरळ तोंडानं सांगितलं ते बुडवलं, वुल्फबाईंनी सोंग घेऊन सांगितलं ते धडाक्यात खपलं. आणि पुढं खोलीच्या पुस्तकात, तो बायरन पडद्यामागं लपलेला नाही ना अशी कोपरखळी मारून, त्या पोरींना क्लोई आणि ऑलिव्हिया या दोन बायांची गोष्ट सांगतात. दोघी एका प्रयोगशाळेत काम करतात आणि एकमेकींना आवडतात. मधे पुरुष नसताना दोन बाया एकमेकींच्या कोण असतात, हे आजवर कुणी लिहिलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. याला धाडस लागतं. लहानपणी सावत्र भावांनी अंगाला हात लावले, हेही या बाईनं लिहून ठेवलं. ते छापलं गेलं १९७६ साली, तिच्या मरणानंतर पस्तीस वर्षांनी.

तर धाडस होतं, पण नजर जिन्याच्या खाली जात नव्हती. नेली आणि लॉटी पुढं म्हातारपणी फार्नहॅम गावात एकाच घरात राहिल्या. क्लोई आणि ऑलिव्हिया शोधायला बाईंना प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात डोकावलं असतं तरी चाललं असतं.

आणि त्याच पुस्तकात आणखी एक जागा आहे. पुरुषाला दिसेल त्या वस्तूवर आपलं नाव कोरायची हौस, बाईला ती नाही, असं सांगताना त्या म्हणतात की रस्त्यानं जाताना एखादी देखणी काळी बाई दिसली तरी तिला इंग्रज करावं असं बाईला वाटत नाही. हे वाचून मी थांबलो. म्हणजे त्यांच्या हिशेबी 'बाई' म्हणजे गोरी बाई. काळी जी आहे ती रस्त्यानं जाणारी, बघायची. ती स्वतः काय बघते? १९२९ सालीच एका काळ्या बाईची कादंबरी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली होती. तिचं नाव 'पासिंग'. तिकडं जाऊ.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम ही काळ्यांची वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागून. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. आपण तो निबंध ब्राह्मणांच्या विरोधातला पुरावा म्हणून वापरतो, आणि त्याचा गाभा सोडून देतो. त्यात बाबासाहेब काय दाखवतात? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. जात टिकते ती बाईच्या देहावर पहारा बसवून. पोथीत जात नंतर येते, आधी ती बिछान्यात ठरते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणानं १९१६ साली हे मांडलं, तेव्हा वुल्फबाईंची एकच कादंबरी आली होती.

हे गोल्डनवायझर फ्रांझ बोआस यांचे विद्यार्थी. आणि बोआस यांच्याकडंच, कोलंबियाच्याच बार्नर्ड या मुलींच्या कॉलेजात, १९२५ साली झोरा नील हर्स्टन शिकायला आली. ती आणि नेला लार्सन, या दोघींचं लेखन बाबासाहेबांच्या त्या निबंधाशेजारी ठेवून वाचावं असं माझं सांगणं आहे. पहारा कुणाकुणाचा असतो ते तिथं दिसतं.

नेला लार्सन १८९१ साली शिकागोत जन्मली. आई डेन्मार्कहून आलेली गोरी, बाप वेस्ट इंडीजमधला काळा. बाप गेला, आईनं गोरा नवरा केला, त्याच्यापासून गोरी मुलगी झाली. आता त्या घरात काळी एकटी ही. गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचं तर ही अडचण. फिस्क विद्यापीठात एक वर्ष काढलं, डेन्मार्कला राहून आली, मग न्यूयॉर्कला नर्सिंग शिकली. १९१५ साली टस्कीगीच्या संस्थेत मुख्य नर्स म्हणून गेली, वर्षभरात सोडून आली. पुढं हार्लेममध्ये १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी. लिहिणं हे सगळं करून.

'क्विकसँड', म्हणजे चिखलवाळू, १९२८ साली आली. हेल्गा क्रेन ही तिची नायिका दक्षिणेतल्या नॅक्सॉस नावाच्या काळ्यांच्या शाळेत शिकवते. नॅक्सॉसची इंग्रजी अक्षरं फिरवून लावली की 'सॅक्सन' होतं, म्हणजे गोरा. आपल्यात जशी काही बोर्डिंगं होती तशी ही शाळा. शिस्त, प्रार्थना, रांगा, गोऱ्या पाहुण्यांपुढं मान खाली. आणि कपडे काळे, तपकिरी, निळे. सावळ्या अंगावर भडक रंग शोभत नाहीत, असं काळ्याच मास्तरणी सांगतात. हेल्गाला लाल, पिवळा, हिरवा आवडतो. एवढ्यावरून तिच्याकडं वाकड्या नजरेनं पाहतात.

इथं थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर कुणीतरी सभेत उभा राहून विचारेलच. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडं कसं नेसावं ते सांगितलं, गळ्याहातातले ढीगभर दागिने टाका म्हणाले. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांना तो धंदा सोडा म्हणून खडसावलं. मग ही नॅक्सॉसची शिस्तच झाली का? नाही. आपल्या बाईचं लुगडं गुडघ्यावर ठेवणारा, तिच्या अंगावर कथला-पितळ चढवणारा नियम गावाचा होता. त्या खुणेवरून तिचा देह गावाचा आहे हे ओळखता यायचं. बाबासाहेबांनी ती खूण पुसली. अमेरिकेत गुलामगिरीत मालकानं काळ्या बाईला हवी तेव्हा ओढली, आणि वर तीच वासनेनं भरलेली आहे अशी बोंब केली. म्हणून १८९६ साली काळ्या बायकांनी देशभराची संघटना काढली तेव्हा तिचा अर्धा जीव 'आम्ही चारित्र्याच्या बाया आहोत' हे सिद्ध करण्यात गेला. ती गरज खरी होती. पण खूण पुसल्यावर पुढं काय? लेकीबाळींनी जन्मभर अब्रूचं प्रमाणपत्र गळ्यात घालून हिंडायचं का? नेलाबाई प्रश्न इथून सुरू करतात.

हेल्गा शाळा सोडते. हार्लेमला येते. मग डेन्मार्कला मावशीकडं जाते. तिथं तर उलटीच तऱ्हा. मावशी तिला भडकातले भडक कपडे, मोठाली कानातली घालून मिरवते. गोरे लोक निरखतात. अॅक्सेल ओल्सन हा चित्रकार तिचं चित्र काढतो, आधी ठेवून घ्यायचं सुचवतो, मग लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. चित्रात जी बाई आहे ती आपण नाही, ती त्याच्या डोक्यातली जनावरासारखी कुणी बाई आहे, हे तिला कळतं. म्हणजे घरचे म्हणतात देह झाक, परके म्हणतात देह दाखव. तुला काय वाटतं हे दोघंही विचारत नाहीत.

आणि तिला वाटतं. तिला एका पुरुषाची ओढ लागते. तो शिकलेला, समाजाचा मान्यवर. एका पार्टीत तो तिचा मुका घेतो, आणि पुन्हा भेटतो तेव्हा माफी मागतो. दारू चढली होती म्हणतो. ती त्याच्या थोबाडीत देते. हा प्रसंग मला कादंबरीतला सगळ्यात खरा वाटतो. मुक्यानं तिचा अपमान झाला नव्हता. माफीनं झाला. मग ती पावसात भिजत एका प्रार्थनेच्या खोलीत शिरते, तिथल्या गलक्यात कोसळते, आणि तिथं भेटलेल्या पाद्र्याशी लग्न करून अलाबामाच्या खेड्यात जाते. लग्नाशिवाय देहाला दुसरी वाट नव्हती. मग पोरं. एकामागून एक. चौथ्या पोराच्या बाळंतपणात मरता मरता वाचते, ते पोर मरतं, आणि अंथरुणातून उठते न उठते तोच पाचव्याची चाहूल. कादंबरी तिथं तुटते. आपल्या कुठल्याही वस्तीत हा शेवट सांगा, बाया म्हणतील, यात कादंबरी काय?

डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस, ज्यांना पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, त्यांनी 'क्विकसँड'ची वाहवा केली. पण त्याच लेखात क्लॉड मकेच्या कादंबरीला झोडपलं, ती वाचून अंघोळ करावीशी वाटली म्हणाले. दु बॉइस मोठा माणूस, आपण त्यांचे ऋणी. तरी हे ध्यानात ठेवावं की पुढाऱ्यांना साहित्य स्वच्छ हवं असतं. नेलाची नायिका सुशिक्षित, म्हणून तिची तहान त्यांना सोसली.

'पासिंग'चा विषय आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, जात चोरणं. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह १९६३ साली आला. तिथं जात चोरणारा पुरुष आहे, आणि उघड झाल्यावर त्याला मार बसतो. नेलाबाईंच्या कादंबरीत बाई आहे. क्लेअर केंड्री गोरी म्हणून खपते, गोऱ्याशी लग्न करून बसते, आणि तो नवरा काळ्यांचा कट्टर द्वेष्टा. पुरुष जात चोरतो तेव्हा आडनाव लपवतो. बाई चोरते तेव्हा तिला पोटाची भीती. पोर काळं निपजलं तर? गरोदरपणाचे नऊ महिने क्लेअर त्या धास्तीत काढते. बाबासाहेबांचा निबंध तो हाच.

ही गोष्ट आपल्याला दिसते ती आयरीन या दुसऱ्या बाईच्या नजरेतून. आयरीन डॉक्टरची बायको, समाजकार्य करणारी, पार्ट्या भरवणारी. ती क्लेअरला टाळायला बघते आणि टाळू शकत नाही. क्लेअरचं हसणं, डोळे, गळा, केस, हे सगळं आयरीन ज्या तऱ्हेनं पाहते ते मैत्रिणीचं पाहणं नव्हे. नंतर तिला संशय येतो की क्लेअर आपला नवरा पळवते आहे. संशय खरा की आपल्याच मनाला घाबरून तिनं तो रचला? शेवटी क्लेअरचा नवरा बायकोची जात कळून पार्टीत घुसतो, आणि क्लेअर सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडते. पडली की ढकलली, लेखिका सांगत नाही. १९८६ साली डेबोरा मॅकडॉवेल या काळ्या समीक्षकबाईंनी दोन्ही कादंबऱ्या नव्यानं काढल्या, तेव्हा आयरीनच्या मनातली ती ओढ पहिल्यांदा प्रस्तावनेत स्पष्ट लिहिली. तोवर हे पुस्तक फक्त रंगाचं मानत होते. क्लेअरनं दोन गोष्टी लपवल्या, आयरीननं एकच लपवली, पण ती स्वतःपासूनही.

नेलाबाईंना १९३० साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. त्याच साली एका गोष्टीवरून वाङ्मयचोरीचा आळ आला, १९३३ साली घटस्फोट झाला. नंतर छापलेलं काही नाही. पुन्हा नर्सची नोकरी धरली, रात्रपाळ्या केल्या, १९६४ साली मेल्या.

आता झोरा. ही वेगळीच चीज. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या सगळ्या काळ्यांच्या गावात वाढली. महापौर काळा, दुकानदार काळा. सव्विसाव्या वर्षी वय दहा वर्षांनी कमी सांगून फुकटच्या शाळेत बसली. त्याशिवाय शाळा मिळत नव्हती. ज्या लोकांनी वय चोरून शाळेत नाव घातलंय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

१९२६ च्या नोव्हेंबरात हार्लेमच्या काही पोरांनी 'फायर' नावाचं एक मासिक काढलं. संपादक वॉलेस थर्मन, बरोबर लँग्स्टन ह्यूज, झोरा वगैरे. पदरमोड करून. किंमत एक डॉलर. पुढाऱ्यांनी ठरवलेल्या स्वच्छ साहित्याच्या विरोधात. त्यात ब्रूस न्यूजंट यानं पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाची गोष्ट उघड छापली. एकच अंक निघाला, आणि उरलेल्या प्रती ठेवल्या होत्या तिथं आग लागून जळून गेल्या. नाव 'फायर'! स्टेन्सिल कापून, हात काळे करून अंक काढणाऱ्यांनी हे वाचून हसावं की रडावं?

त्या अंकात झोराची 'स्वेट', म्हणजे घाम, ही गोष्ट आहे. डेलिया गोऱ्यांचे कपडे धुते. पंधरा वर्षं. रविवारी रात्री गाठोडं सोडून कपडे वेगळे करत बसते. नवरा सायक्स येतो, साप वाटावा असा चाबूक तिच्या अंगावर टाकतो, पांढरे कपडे लाथेनं उडवतो. गोऱ्यांची घाण माझ्या घरात नको म्हणतो. बघा, बोलणं कसं स्वाभिमानाचं! पण घर डेलियाच्या घामानं उभं राहिलेलं, आणि हा त्याच पैशात दुसरीला नांदवतो. मग तो खरा साप आणून ठेवतो. साप धुण्याच्या टोपलीत निघतो, डेलिया पळते, आणि अंधारात परत आलेल्या सायक्सलाच चावतो. डेलिया झाडाखाली उभी राहून ऐकते. आत जात नाही.

चार-पाच गोऱ्या घरांचं धुणं हेच हिचं उत्पन्न. ही बाई व्हर्जिनियाबाईंच्या हिशेबात कुठं बसते? पैसा आहे, घर आहे, पण खोलीत साप आहे आणि तो घरच्या माणसानं आणलाय. 'शत्रू बाहेर आहे, घरचं नंतर बघू' असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट वाचावी. झोरानं बाहेरचा शत्रूही विसरला नाही. ज्या उन्हात डेलिया राबते ते ऊनही तिनं लिहिलं.

झोरालाही पैसा मिळाला. १९२७ च्या डिसेंबरात शार्लट मेसन या श्रीमंत गोऱ्या म्हातारीनं तिच्याशी करार केला. महिना २०० डॉलर. तिनं दक्षिणेत हिंडून काळ्यांच्या गोष्टी, गाणी, जादूटोणा गोळा करायचा. जमवलेलं सगळं मेसनबाईंच्या मालकीचं, परवानगीशिवाय छापायचं नाही. वर त्यांना 'गॉडमदर' म्हणायचं. आत्या मरून गेली म्हणून वुल्फच्या नायिकेला पैसा बिनशर्त मिळाला. झोराची आत्या जिवंत होती आणि हिशेब मागत होती.

'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' १९३७ साली आली. हैतीत सात आठवड्यांत लिहिली. जेनी सोळा वर्षांची असताना फुललेल्या झाडाखाली पडून मधमाश्या बघते, आणि तिला देहाचं भान येतं. ते भान लेखिकेनं पाप म्हणून लिहिलं नाही, झाडाच्या मोहरासारखं लिहिलं. आजी ते बघते आणि घाबरते. आजी गुलाम होती, मालकानं ओढलेली. तिच्या लेकीवर मास्तरानं हात टाकलेला. ती जेनीला साठ एकरवाल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधते. आजीला मी वाईट म्हणणार नाही. तिला नातीच्या देहाभोवती भिंत हवी होती. दुसरा नवरा महापौर होतो, जेनीला दुकानात बसवतो आणि केस फडक्यात बांधायला लावतो. चारचौघांत बोलू देत नाही. आपल्यातले काही नगरसेवक आठवतात. तिसरा टी केक, तिच्याहून लहान, जुगारी, हसवणारा. त्याच्याबरोबर ती शेतात मजुरी करते आणि सुखात असते. तो तिला एकदा मारतो, मालकी दाखवायला, आणि लेखिका त्यावर पुरेशी चिडत नाही. हे मला पटलेलं नाही.

रिचर्ड राइट यांनी 'न्यू मासेस'मध्ये या कादंबरीची चिरफाड केली. हिच्यात सांगण्यासारखं काही नाही, गोऱ्यांना हसवायला केलेलं सोंग आहे, असा सूर. राइट कम्युनिस्ट, जळजळीत लिहिणारे. आपल्या लेखकांनी त्यांचं नाव फार घेतलं, रास्तच होतं. पण १९४० साली त्यांची 'नेटिव्ह सन' आली, तीत बिगर थॉमस एका गोऱ्या मुलीला मारतो, आणि बेसी या आपल्या काळ्या मैत्रिणीवर बलात्कार करून तिलाही मारतो. मृत्युदंड होतो तो गोरीच्या खुनासाठी. कोर्ट बेसीचं प्रेत फक्त पुरावा म्हणून आणतं, हे राइट यांनी स्वतः दाखवलंय. मग बेसीला काय वाटत होतं? ती कुठल्या झाडाखाली कधी पडली होती? ते लिहायला झोराच लागली, आणि तिला यांनी सांगितलं की तू काही सांगितलंच नाहीस.

हा झगडा संपलेला नाही म्हणून एवढं लांबण लावलं. बेबी कांबळे यांनी फलटणला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून 'जिणं आमुचं' लिहिलं आणि वीसेक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. १९८२ च्या सुमारास ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं. त्यात गावानं आपल्याला केलेला छळ आहे, आणि आपल्या घरात सुनांची नाकं कापली ते पण आहे. बाबासाहेबांवर अशी अढळ निष्ठा असलेली बाईसुद्धा वही लपवते, तर ती कुणापासून लपवते? दु बॉइसना, राइटना नावं ठेवताना मीच कितीदा एखाद्या पोरीची कविता 'वैयक्तिक आहे' म्हणून परत केली असेल, ते आठवतं आणि तोंड बंद होतं.

झोराचं पुढं वाईट झालं. १९४८ साली एका मुलाशी गैरवर्तन केल्याचा खोटा खटला घातला. ती त्या वेळी देशातच नव्हती, खटला रद्द झाला. पण काळ्यांच्याच एका वर्तमानपत्रानं मसाला लावून ती बातमी छापली होती. १९५० साली मायामीत गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून काम करताना ती सापडली. पुस्तकं छापून झालेली बाई. १९५४ च्या शाळांच्या निकालाला तिनं विरोध केला, म्हणून चळवळीनं उरलीसुरली ओळख तोडली. तो विरोध चूकच होता. १९६० च्या जानेवारीत फोर्ट पिअर्सच्या सरकारी आश्रयगृहात मेली. कबरीवर दगड नव्हता. १९७३ साली अॅलिस वॉकर गवतातून वाट काढत गेली आणि अंदाजानं एका खड्ड्यापाशी तिनं दगड बसवला.

मरणानंतर तिचे कागद जाळायला घेतले होते. घर रिकामं करायचं होतं. पॅट्रिक डुव्हाल हा काळा डेप्युटी शेरीफ रस्त्यानं जात होता, त्यानं धूर पाहिला, झोरा कोण ते त्याला माहीत होतं. त्यानं पाणी मारून आग विझवली. कडा जळालेली ती पानं आज फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यातलीच एक कादंबरी, हेरोद राजावरची, २०२५ च्या जानेवारीत छापून निघाली. मधेमधे ओळी तुटलेल्या आहेत, जळालेल्या जागी.